मागच्या दाराचा लेखक

‘बद्रीनाथ’ या नावाने भुताच्या कादंबऱ्या लिहिणारा लेखक टुकार होता, हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणाची निराशा व्हायला नको. वाक्यं लंगडी, उपमा उसन्या, आणि भीती वाटावी म्हणून पानोपान टिंबं. तेवढ्या टिंबांत ठिपक्यांची रांगोळी झाली असती. मी बिबवेवाडीत वीस वर्षं लायब्ररी चालवली. त्याच्या अठरा कादंबऱ्या माझ्या हातून किती वेळा गेल्या याची गणती नाही. तेव्हा त्याला नावं ठेवायचा माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नाही.

तरी त्याच्या आयुष्यावर चार पानं मीच लिहावीत अशी मागणी आली. मागणी करणारी त्याची मुलगी, निकिता ओव्हाळ. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. “मॅडम, तुम्हाला वाटेल ते लिहा, फक्त खोटं लिहू नका,” म्हणाली. आता या वयात मला खरं-खोटं शिकवायला पंचवीस वर्षांची पोरगी आली. पण ती अशी अट का घालते ते मला ठाऊक होतं, म्हणून हो म्हटलं.

मूळ भांडण चार पानांचं नव्हतंच. ते होतं मुखपृष्ठाचं. या कादंबऱ्या पुन्हा छापायच्या ठरल्या होत्या, आणि निकिताला त्यांच्यावर आपल्या वडिलांचं खरं नाव हवं होतं, रतन ओव्हाळ. प्रकाशक विचारत होता, कोण ओव्हाळ? ते नाव लागलं की नाही, आणि त्यात माझं काय गेलं, ते सांगते.

माझ्या लायब्ररीचं नाव स्वराली सर्क्युलेटिंग लायब्ररी. स्वराली माझी मुलगी. तिने आयुष्यात एक मराठी पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही, पण नाव छान आहे. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर मोटारीसाठी जागा होती. मोटार नव्हती, तेव्हा १९८७ साली तिथे मी कपाटं लावली. दारात लाकडी काउंटर केला, त्याला एका बाजूने उचलायची फळी. भिंतीवरची पाटी स्वतः रंगवली. ‘पुस्तकात लिहू नये. लिहिण्याचा अधिकार फक्त संचालिकेस आहे. काउंटरच्या आत येऊ नये. सांगितल्यास यावे.’

लोक हसायचे त्या पाटीला. हसेनात का. पाटीतला शब्द न् शब्द मी पाळत होते. नवं पुस्तक आलं की आधी मी वाचायची, हातात लाल पेन्सिल घेऊन. चुकलं असेल तिथे समासात लिहायची. मग शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवायची आणि पुस्तक सभासदांना खुलं करायची. चिठ्ठीवर नेल्याची तारीख आणि तिच्यापुढे सभासदाचा नंबर. दुसऱ्या कुणी पुस्तकात शिसपेन्सिलीने खरडलं, तर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी रबर घेऊन बसायची आणि सगळं खोडून काढायची. लोक काय वाट्टेल ते लिहितात. ‘खुनी मामा आहे.’ ‘नायिका अगदी आमच्या वहिनीसारखी.’ एका महाभागाने तर लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवलं होतं. माझं लाल तेवढं राहायचं.

बद्रीनाथची पुस्तकं वाचताना ती लाल पेन्सिल अर्धी व्हायची. कादंबरी एकच, सतरा वेळा लिहिलेली; अठरावीचं पुढे सांगते. पुण्यातला एक मोठा बंगला, त्यात पैसेवालं कुटुंब. बंगल्यात काहीतरी वावरतंय. ताटातलं उष्टं नाहीसं होतं, विझलेली शेगडी गरम लागते, मोरीत कुणीतरी खाकरतं. घरातले एकेक जण भीतीने खंगत जातात. मांत्रिक येतो, जेवून जातो. आणि शेवटच्या दहा पानांत कळतं की भूत नाहीच. मागच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत एक म्हातारी मोलकरीण असते. पंचवीस वर्षं ती तिथेच राहते आहे, घरातल्या कुणाला ती आहे याचं भानच नसतं. झालं भूत.

ही शुद्ध फसवणूक. भुताची गोष्ट म्हणून घरी न्यावी आणि त्यात भूत नसावं? पहिल्याच पुस्तकाच्या शेवटी मी लाल अक्षरात लिहिलं, ‘घरात माणूस राहतं आणि घरच्यांना पत्ता नाही, हे कोण मानेल?’ सभासद मात्र येडे झाले होते. चांगली पुस्तकं धूळ खात पडायची आणि याच्यासाठी नंबर लागायचे. एक्क्याण्णव-ब्याण्णवनंतर घरोघरी केबल आली, बायका दुपारी टीव्हीसमोर बसायला लागल्या, निम्मे सभासद गळाले. उरले ते बद्रीनाथसाठी उरले. म्हणजे ज्याला शिव्या घालायच्या त्याच्याच जिवावर माझं दुकान चाललेलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. मी मोजत राहिले.

रतन ओव्हाळ १९८८च्या जूनमध्ये सभासद झाले. नंबर २१२. अप्पर इंदिरानगरला राहायचे, हडपसरच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. सडपातळ, खिशाला दोन पेनं, पायात कारखान्याचे जाड बूट. पहिल्या दिवशी फळीपाशी येऊन उभे राहिले आणि वाकून आतली कपाटं बघायला लागले. मी म्हटलं, “काय हवंय? तिथूनच सांगा.” त्यांनी तिथूनच सांगितलं. फॉर्म भरून दिला. मी नाव वाचलं, आडनाव वाचलं, पावती फाडली.

दर शनिवारी पहिली पाळी संपवून यायचे आणि दोन पुस्तकं न्यायचे. एक चांगलं, म्हणजे मी ज्याला चांगलं म्हणते ते, आणि एक बद्रीनाथचं. मला राहवायचं नाही.

“अहो ओव्हाळ, एवढं दर्जेदार वाचता आणि सोबत हा कचरा? श्रीखंडावर मिसळीचा रस्सा ओतून खातं का कुणी?”

“भूक दोन्हीची लागते, मॅडम.”

“आवडतं तरी काय तुम्हाला यातलं?”

“त्यातलं नाही आवडत फारसं,” ओव्हाळ म्हणाले. “आपण समासात लिहिता, ते वाचायला नेतो.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. निदान एका माणसाला कळत होतं. मग मी त्यांना त्या लेखकाबद्दल तासतासभर ऐकवायची. याला व्याकरण येत नाही. याने जन्मात बंगला बघितलेला नाही. हा बहुतेक झोपेत लिहितो. ओव्हाळ काउंटरवर कोपर टेकून ऐकायचे आणि मधेच पेन काढून तळहातावर काहीतरी टिपायचे. मला वाटायचं, बायकोने काही आणायला सांगितलं असेल, ते आठवलं.

चौदा वर्षं हे असं चाललं. त्याच काळात कुणीतरी माझ्या लाल टिपांखाली शिसपेन्सिलीने उत्तरं लिहायला लागलं होतं. अक्षर बारीक, सुटं सुटं. मी लिहिलं होतं, ‘मोरीत एवढा उजेड कुठून आला? लेखकाने मोरी पाहिलेली दिसत नाही.’ खाली उत्तर, ‘वरच्या अंगाला जाळी असते. सकाळी दहापर्यंत उजेड येतो. भांडी घासायला बसलं की दिसतो.’ मी लिहिलं, ‘मागच्या दाराला घंटा?’ त्याला उत्तर, ‘हे खरं. मागे कडी वाजवावी लागते.’ आणि पुढच्या कादंबरीत मागच्या दाराची कडी वाजली.

मला आगाऊपणाचा मनस्वी तिटकारा. कोण लिहितंय ते शोधावं असं एकदाही वाटलं नाही. रबर होतं ना. पहिला रविवार आला की खसाखसा खोडून टाकायची. नव्या पुस्तकात जुनी चूक सुधारलेली दिसली की म्हणायची, चला, गाढव शिकतंय. माझ्या टिपा त्या गाढवाला दिसल्या कुठे, हा प्रश्न मला पडला नाही. जी बाई स्वतःला फार हुशार समजते तिला काही प्रश्न पडतच नाहीत.

२००१ साली कारखान्याने ओव्हाळांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं. इच्छा कारखान्याची होती. पुढच्या वर्षी बद्रीनाथची अठरावी कादंबरी आली, ती शेवटची, आणि त्यानंतर ओव्हाळ यायचे बंद झाले. मी पोस्टकार्ड टाकलं, ‘आपल्याकडे पुस्तक बाकी असल्यास त्वरित परत करावे.’ बाकी काही नव्हतं. बघून लिहायला हवं होतं.

मग २००७चा मार्च. लायब्ररी बंद करायची ठरली होती, दोन कपाटं विकूनही झाली होती. एक मुलगी फळीपाशी येऊन उभी राहिली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉपची बॅग.

“मी रतन ओव्हाळांची मुलगी, निकिता,” ती म्हणाली. “बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. हे त्यांच्या पेटीत होतं.”

तिने काउंटरवर माझ्या लायब्ररीचं कार्ड आणि एक जाड वही ठेवली. वहीत पानोपान माझ्या लाल टिपा उतरवलेल्या. पुस्तकाचं नाव, पान, आणि ‘पोंक्षे मॅडम म्हणतात’. माझी एकूण एक शिवी त्यात होती. शेजारच्या रकान्यात शेरे, ‘पटलं’, ‘नाही पटलं’, ‘पुढच्यात सुधारणे’.

मी वाचत असताना निकिता म्हणाली, “बद्रीनाथ म्हणजे बाबाच.”

मी वही मिटली. चौदा वर्षं ज्यांना तो लेखक गाढव आहे म्हणून ऐकवलं, तेच ते. आणि बघा माझा स्वभाव, पहिल्यांदा मला राग आला तो ओव्हाळांचाच. सांगितलं का नाही? माझी अशी फजिती का होऊ दिली?

निकिताने सांगितलं ते असं. ओव्हाळांची आई, राधाबाई, डेक्कनच्या एका बंगल्यात चाळीस वर्षं धुणीभांडी करायची. ती गेली तेव्हा ओव्हाळ निरोप द्यायला त्या बंगल्यावर गेले. तिथे ते ज्या दाराने जात आले होते त्याच दाराने गेले, म्हणजे मागच्या. मालकीणबाईंना म्हणाले, राधाबाई गेल्या. मालकीणबाई म्हणाल्या, “कोण राधाबाई?” चाळीस वर्षं त्या घरात तिला नुसतं ‘बाई’ म्हणत होते. ओव्हाळ परत आले आणि त्याच महिन्यात त्यांनी पहिली कादंबरी लिहिली, कारखान्याच्या रद्द झालेल्या गेटपासांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

ती घेऊन ते आप्पासाहेबांकडे गेले. हे आप्पासाहेब म्हणजे अप्पा बळवंत चौकाजवळचे एक प्रकाशक, आता हयात नाहीत. त्यांना कादंबरी आवडली, नाव आवडलं नाही. “ओव्हाळांच्या भुताला कोण घाबरणार? बंगल्याच्या गोष्टीला भारदस्त नाव लागतं,” असं म्हणून त्यांनी बद्रीनाथ हे नाव ठेवलं. करार नाही, कागद नाही. छपाई झाली की हस्तलिखित रद्दीत.

घरात ठाऊक होतं, पण बाहेर सांगायची सोय नव्हती. घर बौद्ध. बायको, शर्मिलाताई, विचारायच्या, “आपल्या घरात देव नाही, तर भूत आलं कुठून?” विहारातल्या लोकांना कळलं असतं तर म्हणाले असते, आम्ही भुताखेतांना रजा दिली आणि हा विकायला बसलाय. ओव्हाळांचं बायकोला एकच उत्तर असायचं. “माझ्या पुस्तकात भूत निघतं का शेवटी? बाई निघते.”

आणि मी त्यालाच सतरा वेळा फसवणूक म्हटलं होतं.

आता एवढ्या वर्षांनी पुन्हा छापायची बुद्धी प्रकाशकाला का झाली, तर हिंजवडीमुळे. तिथल्या पोरांच्या कंपनीच्या बसेस रोज दोन-दोन तास रस्त्यात अडकून पडतात. कुणीतरी आपल्या आजोळी सापडलेली बद्रीनाथची पुस्तकं स्कॅन करून मेलवर फिरवली, बसमध्ये ती वाचली गेली, मग ऑर्कुटवर ग्रुप निघाला. नऊ हजार मेंबर. बद्रीनाथचे नायक नेहमी मागच्या दाराने बंगल्यात शिरतात, तर त्यावर या पोरांनी ‘बॅकडोअर हॉरर’ अशी थिअरी मांडली होती. ठिगळं लावल्यासारखी इंग्रजी घुसडलेली भाषा, आणि आव काय तर संशोधनाचा. मी निकिताला म्हटलं, “मागच्या दाराला थिअरी लागत नाही, आई भांडी घासत असली की पुरे.” ती हसली नाही.

त्या ग्रुपवर एक रिवाज होता म्हणे. नवा मेंबर आला की त्याला विचारायचं, तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव काय? नाही सांगता आलं तर सगळे मिळून लिहायचे, ‘तुमच्या घरात भूत आहे.’ बहुतेकांच्या घरात होतं. ऐकून मी हसले, आणि मग हसू थांबलं. माझ्याकडे अकरा वर्षं मैना येते. मैना, आणि पुढे? निकिता माझ्याकडे बघत होती. तिने काही विचारलं नाही, तेवढी ती वडिलांवर गेली होती.

आप्पासाहेबांनंतर धंदा त्यांच्या मुलाकडे आला, सलिलकडे. निकिता त्याच्याकडे जाऊन आली होती. तो म्हणाला, “बद्रीनाथ हे आमच्या संस्थेचं नाव. पाच-सहा जण त्या नावाने लिहायचे. ही वही कुणा नादिष्ट वाचकाची असणार, वाचक काढतातच टिपणं.” म्हणजे ओव्हाळांनी वाचक म्हणून जे केलं त्यावरून ते लेखक नव्हतेच असं ठरत होतं. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

“तुमच्या पुस्तकांत काही सापडेल का, मॅडम? आईने विहारात सगळ्यांना सांगून टाकलंय, आमच्यांचं नाव पुस्तकावर येणार म्हणून. आता ती रोज विचारते.”

“दोन दिवस दे,” मी म्हटलं.

अठराही पुस्तकं काढून बसले. प्रत्येक चिठ्ठीवर पहिला नंबर २१२. नवं पुस्तक आलं की माझ्यानंतर माझ्या टिपा वाचणारे पहिले ओव्हाळ. पण त्यांच्यानंतर इतरांचीही रांग होतीच. सलिल म्हणाला असता, यातलाच कुणी बद्रीनाथ नसेल कशावरून? प्रकाशकाची जात, फट दिसली की दार करणार.

सतराव्या पुस्तकाशी थांबले. ‘उष्ट्या ताटांचा बंगला’. त्याच्या चिठ्ठीवर एकच तारीख आणि एकच नंबर, २१२. परत आलं त्याच महिन्यात पुस्तकाची शिवण उसवली, मी ते बाइंडिंगसाठी बाजूला टाकलं आणि विसरले. म्हणजे ती प्रत जगात दोघांनीच वाचली होती, मी आणि ओव्हाळांनी. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर माझी लाल टीप होती. ‘सतरा पुस्तकं झाली. या लेखकाला पुढच्या दाराने कुणी आत घेत नाही वाटतं.’

आणि अठरावी कादंबरी, ‘पायरीवरचा पाहुणा’. तिच्यात बद्रीनाथचा नायक पहिल्यांदा पुढच्या दाराने जातो. घंटा वाजवतो. घरची बाई येते आणि म्हणते, “काय हवंय? तिथूनच सांगा.” तो एकशेसाठ पानं त्या पायरीवर उभा राहतो. आत जात नाही. भूत नाही, मोलकरीण नाही. त्यावर मी शेरा मारला होता, ‘कंटाळवाणे’.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. ते माझं वाक्य होतं.

पुरावा हातात होता. सतराव्यातल्या टिपेला अठराव्याने उत्तर दिलं होतं, आणि ती टीप २१२ सोडून कुणी पाहिली नव्हती. सतरावं मिटायला गेले, तेवढ्यात लक्षात आलं की त्या लाल टिपेखाली कागद खरखरीत आहे. तिथेही मी रबर फिरवलं होतं. पान घेऊन दारात गेले, उन्हात तिरपं धरलं. शिसं गेलं होतं, पण अक्षरांचे वळ राहिले होते. एरवी हलक्या हाताने लिहिणाऱ्या माणसाने तिथे पेन्सिल दाबली होती.

‘मॅडम, आपण तरी कुठे घेतलंत?’

मला फळी दिसली. गोखलेवहिनी तिच्यातून आत येऊन शेंगा खात बसायच्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर स्वतःच्या हाताने कपाटं लावायचे. कॉलेजच्या पोरी तर घर असल्यासारख्या. ‘सांगितल्यास यावे’ असं पाटीवर होतं, आणि मी जवळजवळ सगळ्यांनाच सांगत होते. त्यांना मी काका म्हणायची, वहिनी म्हणायची, आणि यांना ओव्हाळ. माझ्या सगळ्या सभासदांत ज्याला वाचायचं कळत होतं असा हा एक माणूस, चौदा वर्षं, उन्हाळ्यात, पावसाळ्यात, बाहेर उभा. त्यांनी कधी पाणी मागितलं नाही, मी कधी विचारलं नाही. ती ओळ खोडताना मी वाचली तर असणारच. आठवत नाही. आठवत नाही हे जास्त वाईट.

पान सुटंच झालेलं होतं. जुनं पुस्तक, एक पान गहाळ, कुणाला शंकाही आली नसती. मी ते काढून पदराखाली धरून बसले, खोटं लिहायचं नाही म्हणून सांगते, चांगली अर्धा तास बसले. मला लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. अठरा पुस्तकांना मिळून जी घालता आली नव्हती ती. पण ते पान गेलं तर ओव्हाळांचं नाव जात होतं. शेवटी ते जागच्या जागी ठेवलं आणि निकिताला फोन केला.

सलिलचं ऑफिस वडिलांच्याच जागेत, पण आता काचेची केबिन आणि एसी. मी त्याच्यासमोर अठरा पुस्तकं मांडली आणि एकेक टीप मोठ्याने वाचून दाखवली. माझ्याच तोंडून, माझ्याच शिव्या. गाढव, रेडा, निरक्षर. सलिलला मजा येत होती. मग मी त्याला सतराव्याची चिठ्ठी दाखवली, टीप दाखवली, अठराव्याचं पहिलं पान दाखवलं. त्याची मजा कमी झाली.

“योगायोगही असेल, मॅडम.”

“मग हे बघा. हे अक्षर वहीतल्या अक्षराशी ताडून बघा,” मी म्हटलं आणि ते पान खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं.

त्याने डोळे बारीक करून वाचलं. “आपण तरी कुठे घेतलंत. म्हणजे काय?”

निकिताने माझ्याकडे पाहिलं. तिला ही ओळ ठाऊक नव्हती. मला सांगता आलं असतं की मी त्यांचं पुस्तक चांगल्या साहित्याच्या कपाटात घेतलं नाही, त्याबद्दल लिहिलं असेल. तेही खरंच होतं. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

“हे गृहस्थ चौदा वर्षं माझ्या काउंटरच्या बाहेर उभे राहिले,” मी म्हटलं. “बाकीच्यांना मी आत घेत होते.”

“यांना का नाही?”

“फॉर्मवर आडनाव वाचलं होतं म्हणून.”

हे मी मनातल्या मनातही कधी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात असलं काही नव्हतंच, असं मी आयुष्यभर सांगत आले. सलिल लॅपटॉपमध्ये बघायला लागला. आपल्या वडिलांनी ते आडनाव का काढलं हे त्यालाही ठाऊक असणार. निकिता पुस्तकं पिशवीत भरत होती, एकावर एक, नीट.

“नाव घालू,” लॅपटॉप मिटत सलिल म्हणाला. “रतन ओव्हाळ मोठ्या अक्षरात, खाली बारीक बद्रीनाथ. मार्केटिंगला लागतं ते.”

“आईला मोठं वाचता येतं तेवढं पुरे,” निकिता म्हणाली. येताना रिक्षात तिने पिशवी मांडीवर धरली होती. सलिलला अक्षर पुन्हा ताडून बघण्यासाठी पुस्तकं महिनाभर माझ्याकडेच ठेवायची ठरली होती, म्हणून पिशवी माझ्या दारात ठेवून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मैना आली तेव्हा मी तिला पूर्ण नाव विचारलं. “कशाला?” ती म्हणाली. “काही हरवलंय का घरातलं?”

महिन्याभराने, शनिवारी, निकिता पुस्तकं न्यायला आली. मुखपृष्ठाची नक्कल घेऊन आली होती, ती तिने काउंटरवर ठेवली. नाव ठळक होतं. चित्र भयंकर होतं, बंगल्यावर वटवाघळं वगैरे, पण नाव ठळक होतं. मग तिने या चार पानांचं सांगितलं आणि ती अट घातली. ती पाळली आहे. म्हणून आताही लिहिते की ओव्हाळांची वाक्यं लंगडीच होती, आणि टिंबं फार होती. त्यांना एवढंच सांगायचं होतं की घरात माणूस आहे. अठरा पुस्तकं लागली, आणि मी अठराही वाचली.

मी उठून फळी वर उचलली. बरेच दिवसांत उचलली नव्हती, बिजागरी कुरकुरली. एका हाताने ती तशीच धरून ठेवली.

“ये ना आत,” मी म्हटलं. “बस थोडा वेळ. चहा टाकते.”

तिने फळीकडे पाहिलं. भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तिचे वडील शनिवारी बोलायचे तसंच ती बोलली.

“नको मॅडम. इथूनच द्या.”

मी फळी खाली ठेवली आणि अठरा पुस्तकं काउंटरवरून एकेक करून तिला बाहेर दिली.